रविवारचा फोन

१

खिडकी सताड उघडी होती, पलंग रिकामा होता आणि डॉक्टर ग्रँट प्रेविट डोकं धरून खोलीच्या मधोमध उभे होते.

"गेली," ते म्हणाले. "पळाली पोर. असल्या थंडीत!"

नेड्रा टोलमन दारातच थांबली. हेरॉन मेसा शाळेत येऊन तिला अर्धा तासही झाला नव्हता.

नेड्रा राज्याच्या परवाना खात्याची निरीक्षक. वय साठीला टेकलेलं, गुडघे कुरकुरणारे, कोटाच्या खिशात कायम आल्याच्या गोळ्या. बिघडलेल्या किंवा बिघडलेल्या समजल्या जाणाऱ्या मुलांना पालक पैसे भरून जिथे ठेवतात, अशा युटामधल्या निवासी उपचारशाळा तपासणं हे तिचं काम. पूर्वी तारीख कळवून जावं लागायचं. मग भिंतींना ताजा रंग आणि मुलांच्या तोंडी एकच वाक्य, आम्ही मजेत आहोत. नवा कायदा झाला आणि ते थांबलं. आता ती न सांगता येऊ शकत होती, मुलांशी एकटीने बोलू शकत होती. मुलांना कोंडायचं नाही, हात पिरगाळून जमिनीवर दाबायचं नाही. कुणाला इजा झाली तर लगेच राज्याला आणि आईवडिलांना कळवायचं. आणि दर आठवड्याला प्रत्येक मुलाला घरी फोन करू द्यायचा, तोही कुणी ऐकत नसताना.

रविवारी संध्याकाळपासून बर्फाचं वादळ चालू होतं. नेड्राने रात्र खालच्या गावातल्या मोटेलात काढली. सकाळी वादळ थांबल्यावर, रस्त्यावरचं बर्फ सारणाऱ्या गाडीच्या मागोमाग ती वर आली. मुली जेवणघरात ओटची लापशी खात होत्या. तिने एकेकीचं नाव विचारलं. एकीचा घसा इतका बसला होता की तिला दोनदा विचारावं लागलं. टेस अमुंडसन, असं तिने घोगऱ्या आवाजात सांगितलं आणि मान खाली घातली.

एक मुलगी कमी होती. कासिया डुडेक, वय पंधरा, शिकागोची.

"ती शनिवारपासून तापाने पडलीय," डॉक्टर प्रेविट म्हणाले होते. शाळेतले मानसोपचाराचे डॉक्टर. मऊ स्वेटर, मऊ आवाज. नव्या कायद्याच्या बाजूने विधिमंडळासमोर साक्ष देणारे ते पहिले. नेड्राने ती साक्ष ऐकली होती आणि तिला ती आवडलीही होती. "साथ पसरू नये म्हणून तिला आजाऱ्यांच्या खोलीत ठेवलंय. चला, दाखवतो."

खोलीशी आल्यावर ते म्हणाले, "एक मिनिट हं. झोपली असेल, आधी मी बघतो." ते आत गेले आणि दार लोटून घेतलं. मग त्यांची हाक ऐकू आली.

नेड्रा आता खिडकीपाशी गेली आणि तिने बाहेर वाकून पाहिलं. खाली गुडघाभर बर्फ साचलं होतं. थेट कुंपणापर्यंत, कुंपणापलीकडच्या झाडांपर्यंत.

त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

२

"वादळ सुरू व्हायच्या आधीच गेली असणार," डॉक्टर म्हणाले. "काल संध्याकाळी. मग पावलं बुजून गेली."

"तुम्ही तिला शेवटचं कधी पाहिलं?"

"काल दुपारी. वडिलांशी फोनवर बोलली बिचारी. आवाज बसला होता, पण बोलली. मग म्हणाली, मला झोपू द्या. मीही म्हटलं, झोपू दे." त्यांनी डोळे पुसले. "मी तपासायला यायला हवं होतं."

नेड्राने खाली बसायचं म्हणून गुडघ्याला हात लावला, तोंडातल्या तोंडात गुडघ्याला एक शिवी दिली आणि खिडकीखालच्या गालिच्यावर तळहात टेकला. मग खिडकीच्या आतल्या कठड्यावर. तिथे कागदी रुमालांचा खोका होता. तोही तिने चाचपला.

तासाभरात शाळेच्या अंगणात गाड्या जमल्या. शेरिफचा डेप्युटी थेन बॅस्कम आला, त्याच्यासोबत गावातले सात-आठ जण आले. थेन आणि नेड्राची जुनी ओळख. निरीक्षक होण्याआधी ती शिक्षिका होती, तेव्हा तिच्या वर्गात तो भूगोल शिकला होता, आणि फारसा शिकला नव्हता.

"पंधरा वर्षांची पोर, रात्रभर बाहेर," थेन हळूच म्हणाला. "नेड्राबाई, खरं सांगू? मला ती जिवंत सापडायची आशा वाटत नाही."

"अजून रडू नकोस," नेड्रा म्हणाली.

एवढ्यात एक ट्रक फाटकातून आत आला आणि त्यातून शाळेचा संचालक किंबॉल रस्क उतरला. लालबुंद, अवाढव्य माणूस. काल सकाळी चर्चला म्हणून तो खाली गावात गेला होता, भावाकडे जेवला आणि वादळामुळे तिथेच राहिला होता.

"टोलमनबाई!" तो गरजला. "बघा तुमच्या कायद्याची फळं! पूर्वी आम्ही दारांना कुलपं लावायचो. एक पोरगी पळायची नाही!"

"पूर्वी एक पोरगी बोलायचीही नाही," नेड्रा म्हणाली. "मला सगळ्यांशी बोलायचंय. एकेकटीशी."

"माझ्यासमोर बोला."

"तुमच्यासमोर नाही. कायदा आहे."

"किंबॉल, बोलू दे त्यांना," डॉक्टर मधे पडले. "आपल्याला लपवायचंय काय?" त्यांनी नेड्राच्या हातात गरम कोकोचा पेला दिला. रस्क पाय आपटत आत गेला.

थेनने बॉनेटवर नकाशा पसरला. "आपण दक्षिणेला हायवेकडे शोधू या. पळणारी पोरं तिकडेच जातात. डॉक्टर, तुमचं घर शाळेपासून फार लांब नाही. शोधणाऱ्यांना अधूनमधून तिथे शेकायला बसता येईल. आयलीनवहिनी कॉफी करतील ना?"

"आवडलं असतं," डॉक्टर म्हणाले. "पण आयलीन बहिणीकडे गेलीय, आज सकाळीच. घर बंद आहे. त्यापेक्षा इथला जिम वापरा, मी हीटर लावून देतो."

आणि ते लगबगीने हीटर लावायला गेले. थेन त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. मग त्याने डोकं खाजवलं.

"काय झालं?" नेड्राने विचारलं.

"काही नाही. बहीण तिची घाटापलीकडे राहते. घाट तर कालपासून बंद आहे."

३

कॉल्बी हॅच नावाचा वीस-बावीस वर्षांचा पहारेकरी शनिवारी संध्याकाळपासून आजाऱ्यांच्या खोलीबाहेर बसला होता. तोच सर्वांत जास्त घाबरलेला होता. रस्कने येता येता त्याला सगळ्यांदेखत "हरामखोर" म्हटलं होतं.

"मॅडम, मी शपथेवर सांगतो, मी खुर्चीवरून हललो नाही. म्हणजे बाथरूमला सोडून."

"ती आतून काही बोलली?"

"नाही. डॉक्टर म्हणाले होते, आत जाऊ नकोस, ताप पसरतो. जेवण दाराशी ठेव, ती घेईल."

"मग जेवली?"

"हो हो. सगळं संपवायची. ताटं रिकामी परत गेली. स्वयंपाकघरात विचारा."

"काय काय होतं जेवायला?"

"शनिवारी रात्री मॅकरोनी चीज. काल सकाळी पॅनकेक. दुपारी भाजलेलं चिकन, बटाटा, ग्रेव्ही. रात्री ताट नव्हतं, डॉक्टर म्हणाले, झोपू दे. पण ग्रेव्ही छान होती."

कॉल्बीने जीभ चावली. नेड्रा त्याच्याकडे बघत होती. तिने एक आल्याची गोळी काढून तोंडात टाकली आणि एक त्याच्यापुढे धरली.

"ग्रेव्ही तुला कशी कळली रे?"

कॉल्बीचे कान लाल झाले. "ती घेतच नव्हती, मॅडम. दाराबाहेर थंड होत पडायचं. ताट भरलेलं परत गेलं तर रस्कसाहेब मलाच ओरडणार, तू तिला जेवायला लावलं नाहीस म्हणून. मग मी... टाकून देण्यापेक्षा..."

"तिन्ही ताटं?"

"पॅनकेक दोनच होते," कॉल्बी म्हणाला.

नेड्राला हसू आलं. पण पुढच्या क्षणी ते विरलं. आजारी मुलगी एक वेळ जेवणार नाही, दोन वेळा जेवणार नाही. पण शनिवारी रात्रीपासून पाण्याचा पेलाही दारातून आत गेला नव्हता.

"त्या खोलीत आणखी कोण गेलं?"

"डॉक्टर. आणि काल दुपारी टेस. कासियाला घरी फोन करायचा होता ना, कायद्यानं. डॉक्टरांनी टेसला फोन घेऊन आत पाठवलं, आणि ते दारात उभे राहिले."

"दार उघडं ठेवून?"

"अर्धवट."

नेड्राने टेसला वाचनालयात बोलावलं, दार लावलं आणि खुर्ची तिच्यासमोर न ठेवता शेजारी ठेवली. टेस सोळा वर्षांची होती. बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या. ती घशातून खरखर काढत म्हणाली, "मला काही माहीत नाही."

"मी अजून काही विचारलंच नाही."

"तरी माहीत नाही." तिची नजर दाराखालच्या फटीकडे होती. बाहेर कुणाच्या तरी बुटांची सावली पडली होती. नेड्रा उठली आणि तिने दार उघडलं. रस्क उभा होता.

"मी सहज चाललो होतो," तो म्हणाला.

"मग चालत राहा."

ती परत येऊन बसली. टेसच्या ओठांवर अगदी पुसट असं काहीतरी आलं होतं. मग ती पुढे वाकली.

"मॅडम, तुम्ही कासियाच्या बाबांशी बोललात?"

"थेनने कळवलंय त्यांना. विमानतळावर आहेत."

"तुम्ही बोला ना. तुम्ही स्वतः. आणि विचारा, रविवारी फोनवर ती काय म्हणाली. अगदी शब्द न् शब्द विचारा."

"तू तर तिथेच होतीस. तूच सांग."

टेसने ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. डोळ्यांतून पाणी गळत होतं.

४

लेशेक डुडेक छपरं घालायचं काम करत. त्यांच्या आवाजामागे विमानतळावरची गडबड ऐकू येत होती.

"तिच्याकडे जाड मोजे आहेत का हो?" त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं. "मी पाठवले होते. लोकरीचे. ते घालून गेली असेल तर..."

"मोजे जागेवर नाहीत. म्हणजे पायात असतील," नेड्रा म्हणाली. हे तिने कपाटात पाहिलं होतं आणि ते खरं होतं. "मिस्टर डुडेक, रविवारी ती काय काय बोलली, मला सगळं सांगा. क्षुल्लक वाटलं तरी."

"फार नाही बोलली. घसा बसला होता तिचा. ओळखू येत नव्हता आवाज. म्हणाली, मी ठीक आहे, थोडा ताप आहे, काळजी करू नका. इथलं जेवण बरं असतं. मी विचारलं, नाताळात घरी यायचंय का, तर म्हणाली, डॉक्टर म्हणतील तसं. मला बरं वाटलं. वाटलं, पोरगी शहाणी झाली. तिची आई गेल्यावर ती फार बिथरली होती. शाळेत जाईना. लोक म्हणाले, तिकडे ठेवा, नीट करतात. मी ठेवलं."

"आणखी काही?"

"नाही. शेवटी म्हणाली, बाय डॅड."

"डॅड म्हणाली?"

"हो. जरा लागलं मनाला. आम्ही पोलिश माणसं. ती बोलायला लागली तेव्हापासून मला ताता म्हणते. भांडली तरी ताताच. काल मात्र तीनदा डॅड म्हणाली. मी म्हटलं, रागावली असेल. मीच पाठवलं ना तिला."

नेड्राने डोळे मिटले. बाहेर माणसं एकमेकांना हाका मारत बर्फ तुडवत होती.

"मिस्टर डुडेक," ती म्हणाली, "ती तुमच्यावर रागावलेली नव्हती. विमानात बसा. उतरलात की मला फोन करा. मला वाटतं, तुमची मुलगी काल रात्री बर्फात नव्हतीच."

ती वाचनालयात परत आली. टेस तिथेच बसून होती.

"तू तीनदा डॅड म्हणालीस," नेड्राने हळूच म्हटलं.

टेसने मान वर केली. "त्यांच्या लक्षात आलं?"

"त्यांच्या नाही. माझ्या."

"मला वाटलं, लगेच कळेल त्यांना!" टेस ओक्साबोक्शी रडायला लागली. शब्द घोगऱ्या आवाजात तुटत येत होते. "खोलीत कुणी नव्हतं, मॅडम. पलंग रिकामा होता. ते म्हणाले, कासिया दुसरीकडे विश्रांती घेतेय, वडील उगीच घाबरतील, तू तिच्या नावाने बोल. घसा बसलाय तर आवाजही कळणार नाही. आणि बाहेर कुणाला बोललीस तर नाताळात घरी जाणं विसर, वर्षभर विसर. ते बघत होते माझ्याकडे. ती बाबांना ताता म्हणते, मला माहीत होतं. मला फक्त तेवढंच सुचलं."

"छान सुचलं," नेड्रा म्हणाली. तिने मुलीला जवळ घेतलं. "फार छान सुचलं."

मग ती धडधडत जिमकडे गेली. हीटर चालू होता. कॉफीचे पेले मांडले होते.

"डॉक्टर कुठेत?"

"शोधायला गेले," कॉल्बी म्हणाला. "एकटेच. म्हणाले, मी उत्तरेकडचा रस्ता बघतो, तिकडे कुणीच गेलेलं नाही. भला माणूस आहे."

"त्यांचं घर कुठे आहे?"

"उत्तरेलाच की."

नेड्राने अंगणात धावत जाऊन थेनची बाही धरली. गुडघे दुखायचं त्या वेळी विसरले होते.

"गाडी काढ. ते तिला शोधायला गेलेले नाहीत, आणायला गेलेत!"

५

"मला काही कळत नाहीये," थेन स्टिअरिंग वळवत म्हणाला. "नीट सांगा."

"खिडकी उत्तरेकडे आहे. काल रात्री वारा कुठून होता? माझ्या मोटेलचं दार उत्तरेला, सकाळी फावड्याने उघडावं लागलं. ती खिडकी वादळात उघडी असती तर खोलीत बर्फाचा ढीग झाला असता. गालिचा कोरडा ठणठणीत होता. कागदी रुमालसुद्धा कोरडे. म्हणजे खिडकी वादळानंतर उघडली. आणि वादळानंतर कुणी बाहेर उडी मारली असती, तर पावलं दिसली असती."

"म्हणजे खिडकीतून कुणी गेलंच नाही."

"शाबास. भूगोलात असं डोकं चालवलं असतंस तर! मग खिडकी कुणी उघडली? आज सकाळी माझ्याआधी आत कोण गेलं, आणि दार लोटून कुणी घेतलं?"

थेनने शीळ घातली.

"आता ताटं. शनिवारी रात्रीपासून सगळं त्या कॉल्बीने खाल्लं. आत खाणारं कुणी नव्हतंच, त्याला दाराशी बसवायच्या आधीच तिला हलवलं होतं. तरी रविवारी वडिलांना फोन गेला. तो टेसने केला. तिला कुणी करायला लावला, हे तिने सांगितलंय. पण तिने सांगितलं नसतं तरी रस्क सुटत होता. तो बोंबलतो, कान लावून ऐकतो, पण काल दिवसभर तो गावात होता. मला सकाळपासून त्याचाच संशय येत होता, कारण तो कायद्याला शिव्या देतो. आणि दुसरा कोको देतो म्हणून भला."

"पण फोन करायचीच काय गरज होती? गप्प बसले असते तर?"

"बसता आलं नसतं. कायदा आहे ना. रविवारी फोन आला नसता तर बापाने आमच्या खात्यात तक्रार केली असती आणि मी लगेच दारात उभी राहिले असते. फोन टाळता येत नव्हता म्हणून त्यांना तो खोटा करावा लागला. आणि खोटा केला म्हणूनच सापडले."

गाडी वळणावर घसरली आणि सावरली.

"तिला लपवलं कशासाठी?"

"तिच्या अंगावर काहीतरी असणार. मला दिसू नये असं काहीतरी. कायद्याच्या बाजूने साक्ष देणाऱ्या माणसाने स्वतःच तो मोडलेला असणार. दोन-चार दिवसांत काहीतरी कारण जुळवून परत आणली असती. पण आज मी न सांगता आले. मग त्यांना सुचलं, पळाली म्हणून सांगायचं. संध्याकाळी स्वतःच शोधून आणायचं. लागलं कशाने? बर्फात पडली. आणि पळून गेलेल्या पोरीचं कोण ऐकतं? वर हा माणूस तिला वाचवणारा ठरतो!"

"आणि घाट बंद असताना आयलीन बहिणीकडे जाणार कशी?" थेन म्हणाला. "काल दुपारी तिनेच माझ्या कुत्रीचे टाके काढले. जनावरांची डॉक्टर आहे ती. नेहमी घरात बोलावते, काल दवाखान्यातूनच वाटेला लावलं मला."

"हे मला सकाळी का सांगितलं नाहीस?"

"कुत्रीचे टाके? हरवलेल्या मुलीचा शोध चालला असताना?"

झाडीतून लाकडी घर दिसलं. धुराड्यातून धूर निघत होता. दारासमोर डॉक्टरांची गाडी उभी होती, मागचं दार उघडं.

गाडी थांबायच्या आतच नेड्राने दार उघडलं.

६

डॉक्टर प्रेविट स्वतःच्याच घराच्या पायरीवर उभे राहून दार ठोठावत होते.

"आयलीन, उघड. वेडेपणा करू नकोस. वेळ नाहीये."

"शेरिफचा माणूस आल्याशिवाय उघडणार नाही!" आतून बाईचा आवाज आला. "मी फोन केलाय. लागत नाहीये, पण मी करत राहणार!"

"अगं, मुलीला परत न्यायचंय फक्त."

"तिचा हात कुणी मोडला, ते तिने सांगितलंय मला, ग्रँट. तू म्हणालास, जिन्यावरून पडली. मी तुझं ऐकलं. दोन दिवस ऐकलं. लाज वाटते मला."

डॉक्टर वळले आणि त्यांना थेन दिसला. थेनच्या मागे बर्फातून धापा टाकत येणारी नेड्रा दिसली. त्यांनी तोंड उघडलं, नेहमीचं मऊ हसू आणायचा प्रयत्न केला, आणि मग ते पायरीवर खाली बसले.

"मला तिला शांत करायचं होतं," ते म्हणाले. "ती ऐकत नव्हती. मी फक्त धरलं होतं."

"जमिनीवर दाबून?" नेड्राने विचारलं.

थेनने त्यांना उठवलं आणि गाडीकडे नेलं.

"वहिनी," नेड्रा दाराशी जाऊन म्हणाली, "मी राज्याकडून आलेय. थेनही आहे. उघडलंत तरी चालेल."

कड्या निघाल्या. दोन, आणि मग सरकवलेलं एक कपाट. आयलीनच्या हातात चुलीतली लोखंडी सळई होती, ती तिने तशीच धरून ठेवली होती. तिच्यामागे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी एक बारकीशी मुलगी बसली होती. पायात लोकरीचे जाड मोजे, उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हातात अर्धं खाल्लेलं चीजचं टोस्ट. प्लास्टर जरा जास्तच जाड होतं, वासरांना घालतात तसं.

"तुम्ही मला परत तिकडे नेणार?" तिने विचारलं.

"नाही," नेड्रा म्हणाली. "तुझे बाबा विमानात आहेत. तोपर्यंत तू जिथे म्हणशील तिथे."

मुलीने थोडा विचार केला. "मग इथेच. या बाईंनी सूप ठेवलंय."

नेड्रा खुर्चीवर बसली. खरं तर कोसळलीच. आयलीनने तिच्यापुढे वाडगा ठेवला आणि मग सिंकशी पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. कासिया उठली आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

७

संध्याकाळी घाट मोकळा झाला. कासियाला आधी हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरने प्लास्टर बदललं आणि हाड नीट बसवल्याबद्दल जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना शाबासकी कळवली. रात्री तिचे वडील पोचले. नर्सने नंतर थेनला सांगितलं की त्यांनी तिला मिठी मारायच्या आधी बराच वेळ नुसतं तोंड निरखलं, आणि मग दोघं एकदमच बोलायला लागले, पोलिश भाषेत, कुणी कुणाचं ऐकत नव्हतं.

शाळेचा परवाना राज्याने थांबवला. मुलींना घरी न्यायचे निरोप गेले. रस्कने आरडाओरडा केला नाही. तो कार्यालयात एकटा बसून होता. नेड्रा गेली तेव्हा त्याने विचारलं, "किती दिवस चाललं होतं हे? माझ्या छपराखाली?"

"चौकशीत कळेल. तुम्हालाही उत्तरं द्यावी लागतील."

"देईन," तो म्हणाला. "मी कुलपांकडे बघत बसलो."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गाड्या यायला लागल्या. एक आई नेवाडाहून आली, एक आजोबा कॅलिफोर्नियाहून. मुली पायऱ्यांवर बॅगा घेऊन बसल्या होत्या आणि प्रत्येक गाडी वळणावर दिसली की कुणाची ती ओळखायचा खेळ चालला होता. ओळखता आलं की किंचाळणं आणि धावणं. कॉल्बी बॅगा उचलत होता आणि सगळ्यांची माफी मागत होता, मागायची गरज नसलेल्यांचीही.

टेस मात्र खेळात नव्हती. ती आपल्या बॅगेवर बसली होती.

"माझं कुणी येणार नाही," तिने नेड्राला सांगितलं. "आईचं आणि माझं जमत नाही. सावत्र बापाचं तर विचारूच नका. तुमच्या खात्याची गाडी पाठवा, नाहीतर मी बसने जाते."

"थांबू या जरा," नेड्रा म्हणाली.

दुपार झाली. पायऱ्या रिकाम्या होत आल्या. मग वळणावर एक पांढरी व्हॅन दिसली. बाजूला मोठ्या अक्षरांत बेकरीचं नाव होतं आणि खाली बॉयसी शहराचा पत्ता. ती फाटकात थांबली. ड्रायव्हरच्या बाजूच्या दारातून पिठाने माखलेला एप्रन घातलेला एक लांबलचक तरुण उतरला आणि आळोखेपिळोखे देत इकडेतिकडे बघू लागला.

टेस उभी राहिली.

"ओवेन?"

"अगं, सकाळी आईने सांगितलं," तो म्हणाला. "मालकाला म्हटलं, माझ्या बहिणीला आणायचंय, आज माल पोचवायला दुसरा माणूस बघा. तो म्हणाला, दुसरी गाडी नाहीये. मग म्हटलं, हीच नेतो."

"माल?"

"मागेच आहे सगळा."

त्याने मागचं दार उघडलं. पावाचे ट्रे वरपासून खालपर्यंत लावलेले होते. वास पायऱ्यांपर्यंत आला. उरलेल्या मुली, कॉल्बी आणि शेवटी थेनही व्हॅनभोवती जमले. ओवेन पाव वाटत सुटला.

"आज बॉयसीतली हॉटेलं उपाशी," तो म्हणाला. "नोकरी जाते की राहते बघू."

टेस व्हॅनच्या पायरीवर बसली. भावाने एक पाव मोडून अर्धा तिला दिला, अर्धा नेड्राला. मग तो तिच्या शेजारी टेकला आणि म्हणाला, "आमच्या खोलीत सोफा आहे. मोडका आहे. कितीही दिवस राहा."

टेसने पावाचा मोठा घास घेतला. तोंड भरलेलं असतानाच ती म्हणाली, "मोडका म्हणजे किती मोडका?"